रिफ्लेक्स इंटिग्रेशनचा कोर्स करून पालकांना ऑटिझम असलेल्या मुलाची थेरपी घरीच घेता येईल का?

थोडीफार, हो. पण थेरपिस्टला सुट्टी देण्याइतकी नाही.

बाळ दचकून हात फेकतं तो मोरो रिफ्लेक्स साधारण सहा महिन्यांपर्यंत विरतो. असे रिफ्लेक्स, म्हणजे आपोआप होणाऱ्या हालचाली, रेंगाळले की बसणं, लिहिणं, लक्ष देणं जड जातं, आणि ठरावीक हालचाली रोज करून घेतल्या की ते शमतात, असा रिफ्लेक्स इंटिग्रेशनच्या पद्धतींचा दावा. स्वेतलाना मासगुटोवा यांची एमएनआरआय ही पद्धत, स्वीडनच्या हॅराल्ड ब्लॉमबर्ग यांच्या कामातून आलेलं ऱ्हिदमिक मूव्हमेंट ट्रेनिंग आणि इंग्लंडची आयएनपीपी ही संस्था, ही त्यातली मोठी नावं.

पुरावा मात्र तोकडा आहे. कोर्सवाले २००० सालचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास हमखास दाखवतील. अभ्यास चांगलाच होता, पण वाचनात मागे पडलेल्या ८ ते ११ वर्षांच्या मुलांवर, ऑटिझमवर नव्हे.

शनिवार-रविवारच्या कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची पदवी नाही. आधी मुलाच्या थेरपिस्टला विचारा, विशेषतः फिट्स येत असतील तर. आणि ‘ऑटिझम बरा करतो’ म्हणणाऱ्याकडे फी भरूच नका.