वडिलांना नुसतं ऊन लागलंय की उष्माघात झालाय, हे कसं ओळखायचं?

तुमचे वडील ६२ वर्षांचे, बीपीची गोळी चालू, आणि मे महिन्यात अकोल्याकडच्या शेतात ओलिताला जातात. खिशातल्या कांद्याबद्दलही तुम्ही विचारलंय. तो ऊन अडवत नाही; जेवणात खुशाल खावा.

घामावरून निदान करू नका. घाम थांबला तरच उष्माघात, असं बरेच जण धरून बसतात. पण कष्टाचं काम करताना उष्माघात झालेला माणूस घामाने निथळतही असतो. खरी खूण डोक्यात दिसते. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पोटऱ्यांत गोळे, पण विचारलेल्याचं उत्तर नीट देतात, तर ऊन लागलंय. सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, घोट घोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर दवाखाना गाठा.

अंग तापलेलं असताना बोलणं असंबद्ध झालं, झोक जायला लागला, उगाच चिडचिड सुरू झाली किंवा झटका आला, तर तो उष्माघातच समजा. शरीराच्या आतलं तापमान तेव्हा बहुधा ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. काखेतला थर्मामीटर ते कमी दाखवू शकतो, म्हणून आकड्याची वाट पाहू नका.

१०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत जागेवरच थंड करायला घ्या. मेंदू, किडनी, लिव्हर यांचं नुकसान मिनिटामिनिटाने वाढतं; पहिल्या अर्ध्या तासात ताप खाली आला तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. कपडे काढा, बोअरच्या पाण्याचा पाइप थेट अंगावर धरा. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चटके देणारं असतं, ते आधी वाहून जाऊ द्या. पाणी कमी असेल तर ओलं धोतर किंवा चादर अंगावर टाकून वारा घाला. कापड दोन-तीन मिनिटांत गरम होतं, सारखं भिजवत राहा. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघा.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, फुप्फुसात जाईल, कुशीवर वळवा. क्रोसिनही नको. साध्या तापात मेंदूच तापमान वर नेतो, तिथे ती चालते. इथे बाहेरची उष्णता साठलेली असते, गोळीने ती निघत नाही, लिव्हरवर मात्र भार पडतो.

बीपीची गोळी लघवी वाढवणारी आहे का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. मनाने बंद करू नका. काम सकाळी अकराच्या आत उरकावं. काम चालू असताना दर वीस मिनिटांनी ग्लासभर पाणी, तहान नसली तरी. तासन्‌तास घाम गळत असेल तर नुसतं पाणी पुरत नाही, मीठही जातं. मधूनमधून ताक किंवा ओआरएस हवं. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासात ढवळलं तर प्रमाण चुकतं. घरी करायचं तर लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बीपीमुळे त्यांना रोज किती मीठ चालेल, तेही डॉक्टरांनाच विचारा.

एकटे शेतात असतील तर तासातासाने फोन करा. ‘बरे आहात ना’ विचारलं की ‘हो’च येतं. त्याऐवजी मोटर कधी सुरू केली, पाणी कुठल्या वाफ्यात आहे, असं विचारा. उत्तर अडखळलं तर शेजारच्या शेतातल्या माणसाला लगेच तिकडे धाडा.