क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग बीकेची तपासणी कशाला?

किडनी प्रत्यारोपण झालेल्यांच्या पत्रांत बीके या, बसवलेल्या किडनीला इजा करू शकणाऱ्या विषाणूचे तेच तेच प्रश्न फिरून येतात. त्यांतले काही इथे घेतो.

बहिणीने किडनी दिली. तिच्याकडूनच हा विषाणू आला का? ती फार मनाला लावून घेते आहे. (भंडारा)

दात्याच्या किडनीतून येऊ शकतो, तसाच तुमच्या अंगात आधीपासूनही असू शकतो. बहुतेक माणसांना तो लहानपणीच होऊन जातो आणि मग किडनीत, मूत्रमार्गात निपचित पडून राहतो. त्याला जागं करतात त्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या. बहिणीचा यात काडीचाही दोष नाही.

घरच्यांना लागण होईल का? ताट-वाटी वेगळी ठेवतो. (धंतोली)

ठेवू नका.

पाच महिने झाले. क्रिएटिनिन १.१, ताप नाही, लघवी भरपूर. तरी दर महिन्याला बीके पीसीआर (विषाणू मोजायची तपासणी) सांगतात, खर्च परवडत नाही. क्रिएटिनिन वाढलं की करू, चालेल ना? (वर्धा)

नाही चालणार. बीकेने बहुधा ताप येत नाही, दुखत नाही. विषाणू आधी लघवीत दिसतो, मग रक्तात, आणि किडनीला इजा होते ती त्यानंतर. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा, सगळ्यात शेवटी हलतं. १.१ चं १.३ होतं, घरचे म्हणतात, मे महिना आहे, पाणी कमी पडलं असेल. नागपूरच्या उन्हात हे पटतंही. पुढच्या रिपोर्टात १.६ येतं तेव्हा आत व्रण धरायला लागलेला असतो, आणि तो भरून येत नाही.

दुसरी अडचण बायोप्सीची, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासण्याची. बीकेची सूज रिजेक्शनसारखीच (शरीराने नवी किडनी नाकारल्यासारखीच) दिसू शकते, म्हणून एसव्ही४० हा खास रंग लावून बघावं लागतं. रिजेक्शन समजून स्टेरॉइडचा मारा केला तर प्रतिकारशक्ती आणखी दबते आणि विषाणूचं फावतं.

या विषाणूवर खात्रीचं औषध आजही नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या डॉक्टरांनी वेळेत कमी करणं, एवढंच हातात आहे. म्हणून पहिले ९ महिने दर महिन्याला आणि पुढे २ वर्षांपर्यंत दर ३ महिन्यांनी तपासणी सुचवतात. रक्ताच्या एका मिलीलिटरमागे विषाणूचा १,००० च्या वरचा आकडा टिकून राहिला, किंवा १०,००० च्या वर गेला, तर डॉक्टर डोस कमी करायचा विचार करतात. तपासणी रक्ताचीच करा. पॅकेजमध्ये स्वस्तात लघवीची मिळते म्हणून ती करू नका; लघवीत तो अनेकांच्या निघतो आणि तुम्ही उगाच घाबरता. लॅबही दर वेळी एकच ठेवा, दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत. खर्चाचं तुमच्या केंद्रातल्या समन्वयकांशी आजच बोला, पण तारीख चुकवू नका.

डॉक्टरांनी मायको अर्धी केली. मी टॅक्रोही बंद केली तर विषाणू लवकर जाईल? (गोंदिया)

मायको (मायकोफिनोलेट) आणि टॅक्रो (टॅक्रोलिमस) या दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या. दोन्ही सुटल्या तर विषाणू जाईल न जाईल, किडनी मात्र जाईल. गोळी बंद केली असेल तर हे वाचणं सोडा आणि आधी डॉक्टरांना फोन करा. आणि टॅक्रोची लेव्हल, म्हणजे रक्तातलं तिचं प्रमाण, तपासायला जाल तेव्हा सकाळची गोळी खाऊन जाऊ नका. रक्त देऊन झालं की घ्या, नाहीतर आकडा खोटा वर येतो आणि डोस चुकतो.

मेडिकलवाले लिव्होफ्लॉक्सासिन आणि गुळवेलीचा इम्युनिटी काढा घ्या म्हणतात. टॅक्रोही दुसऱ्या कंपनीची देतात, स्वस्त आहे म्हणून. (सीताबर्डी)

लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या चाचण्या झाल्या, २०१४ मध्ये निकालही छापून आले. बीकेवर उपयोग दिसला नाही. काढ्याचं तर काय बोलावं! सकाळी प्रतिकारशक्ती दाबायची गोळी आणि संध्याकाळी ती वाढवायचा काढा. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, त्या वेगळ्याच. टॅक्रोची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायची नाही. बदललीच तर लेव्हल पुन्हा करायची. दुकानदाराला सांगा, चिठ्ठीवर आहे तेच दे.

संत्री सोडायची का? (काटोल)

नाही. पोटॅशियमचा रिपोर्ट दाखवून किती खायची ते विचारा. पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र बंद, त्यांनी टॅक्रोची लेव्हल चढते.

बीकेने किडनी गेली. दुसरी मिळेल का? (हिंगणघाट)

मिळू शकते. आधी रक्तातला विषाणू गेलेला असावा लागतो. निर्णय प्रत्यारोपण केंद्राचा. भेटायला जाताना जुन्या बायोप्सीचा रिपोर्ट आणि पीसीआरचे सगळे आकडे तारखेनुसार लावून न्या.