भांडण झालं की माझं डोकं बंद पडतं. शरीराकडे लक्ष देण्याच्या थेरपीने खरंच फरक पडतो का?

पडतो. पण ‘सात दिवसांत आघातमुक्ती’ (म्हणजे मनावरच्या जुन्या जखमांतून सुटका) विकणाऱ्यांपासून लांबच राहा.

डोकं बंद पडण्याआधी शरीर सांगत असतं: जबडा आवळतो, छाती धडधडते, तळहात गार पडतात. जोडप्यांवर अनेक वर्षं अभ्यास केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात की नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की समोरच्याचं बोलणं नीट पोचतच नाही. अशा वेळी किमान 20 मिनिटं थांबायचं. “परत येते, मग बोलू” असं सांगून उठा, नाहीतर तो अबोला वाटतो. त्या वेळात मनात उत्तरं घोळवायची नाहीत (मी वर्षानुवर्षं तेच केलं!). तळपाय जमिनीला टेकवा, उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवा.

इगतपुरीच्या विपश्यना ध्यानशिबिराचं नाव बरेच जण सुचवतील. पण जुनी जखम खोल असेल तर 10 दिवसांच्या मौनाने सुरुवात नको. आधी प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतून मोफत बोलता येतं. आणि घरात मारहाण होत असेल तर श्वासबिस राहू दे, आधी 181 ही महिला हेल्पलाइन लावा.