‘दैवी ज्ञान’ कशाला? शहाणपण मागा!

प्रश्न : ईस्टरआधीच्या लेंटमध्ये ख्रिस्ती लोक देवाकडे ‘विझडम’ मागतात. त्याला ‘दैवी ज्ञान प्राप्त करणे’ म्हणणं बरोबर आहे का? आणि ‘लेंट’ला मराठी शब्द कोणता?

उत्तर : बरोबर नाही. लेंटचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, जवळ आला की वांद्र्यापासून वसईपर्यंत ‘दैवी ज्ञान प्राप्त करूया’ असे निरोप फिरू लागतात. ‘प्राप्त करणे’ हे स्वतःच्या हिकमतीचं क्रियापद आहे. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात (१:५) ज्याला ‘विझडम’ कमी पडतं त्यानं देवाजवळ मागावं, असं सांगितलंय. मागितलेलं मिळतं, लाभतं.

आता ‘ज्ञान’. जुन्या मराठी बायबलातही तिथे ‘ज्ञान’च आहे, हा दाखला लगेच तोंडावर फेकला जातो. पण त्या भाषांतरकारांची पंचाईत पाहा. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१२:८) मूळ ग्रीकमधले ‘सोफिया’ (विझडम) आणि ‘ग्नोसिस’ (जाणणं) एकाच वाक्यात आले. ‘ज्ञान’ पहिल्यावर खर्ची पडलं होतं, म्हणून दुसऱ्यासाठी ‘विद्या’ आणावी लागली. ‘ग्नोसिस’ आणि ‘ज्ञान’ ही तर एकाच मुळाची भावंडं! ‘प्रज्ञा’ सुचवणाऱ्यांना एवढंच सांगतो : तो शब्द व्यासपीठावर शोभतो, गुडघे टेकल्यावर तोंडात येत नाही.

मराठीत यासाठी सरळ शब्द आहे, शहाणपण. तो फारसी ‘शाह’ (राजा) वरून आला, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांनी जरा शेजारी डोकावावं. गुजरातीत ‘शाणो’, कोकणीत ‘शाणो’, हिंदीत ‘सयाना’. ‘शाह’मधला ‘ह’ सगळीकडून एकदम पळाला? मूळ आहे संस्कृत ‘सज्ञान’. प्राकृतात ‘सयाण’, मग ‘स्याणा’. ‘य’च्या संगतीनं ‘स’चा ‘श’ झाला. मराठीतला ‘ह’ माझ्या मते मागाहून घुसला. म्हणजे मुंबईच्या नाक्यावरचा ‘जास्त शाणा बनू नको’मधला ‘शाणा’ हा अपभ्रंश नव्हेच. उलट तोच मुळाला एक पायरी जवळ आहे. प्रमाणभाषावाल्यांनी नाकं मुरडली तरी मुरडोत.

आणि खरी गंमत पुढे आहे. ‘सज्ञान’ आजही कायद्याच्या मराठीत जिवंत आहे : १८ वर्षं पूर्ण झालेला तो सज्ञान, त्याखालचा अज्ञान. मुलगी वयात आली की ‘शहाणी झाली’ म्हणतात, तोही हाच अर्थ. आता कॅथलिक चर्चचा १९८३चा कायदा (कलम १२५२) काढा. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झालेल्याला, पण उपवासाचा नियम फक्त सज्ञानाला लागू, म्हणजे १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला एकच पोटभर जेवण. बाकी दोनदा किरकोळ खाणं, तेही मिळून एका जेवणाइतकं होता कामा नये. थोडक्यात, उपवास शहाण्यांनी करायचा!

राजा शलमोनाचं पाहा (१ राजे ३). गिबोनात देव स्वप्नात येऊन ‘माग’ म्हणाला, तेव्हा हा काय म्हणाला? मी लहान मूल आहे, मला आत-बाहेर कसं वागावं कळत नाही. मग त्यानं मागितलं ते मूळ हिब्रूत अक्षरशः ‘ऐकणारं हृदय’. अज्ञानानं सज्ञान होण्याची केलेली मागणी ती! इथे ‘दैवी ज्ञान’ घालून बघा. सगळा प्रसंग दहावीच्या क्लासची जाहिरात वाटेल.

एक खबरदारी मात्र घ्या. ‘शहाणपण’ लिहा, ‘शहाणपणा’ नको. त्या एका कान्यानं टोमणा होतो. ‘देवा, शहाणपण दे’ ही प्रार्थना. ‘शहाणपणा करू नकोस’ हा दम. ‘दैवी’ही गाळा. देवाकडेच मागताय, तर ते वेगळं कशाला सांगायचं? शिवाय ‘दैवी’ म्हटलं की निम्म्या लोकांना ‘दैव’ आठवतं, आणि नशिबाचा इथे काही संबंध नाही.

हां, लेंट. ‘उपवासकाळ’ किंवा ‘प्रायश्चित्तकाळ’ म्हणा. फक्त ‘चाळीस दिवस’ म्हणून कॅलेंडर मोजू नका, हिशेब चुकेल. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात. मधले सहा रविवार उपवासाचे नसतात, ते वजा करायचे.