पोरगं रात्रभर ॲनिमे (जपानी कार्टून मालिका) बघतं, त्यात माणसं जीव द्यायला निघालेली, काय करू?

"मॅडम, साधं कार्टून असतं तर काय म्हटलं नसतं. पण त्यात माणसं मरायला निघालेली. तेच डोक्यात शिरलं म्हणजे?"

मी समुपदेशक. ही काळजी हल्ली आठवड्याआड कुणीतरी माझ्याकडे घेऊन येतंच. बरोबर दुसरा प्रश्न ठरलेला: नेट बंद करू का? दोन्हींचं उत्तर एका घराच्या गोष्टीतून सांगते. घरच्यांना विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर कोल्हापूरचं. वडील शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत, आई घरी ब्लाउज शिवते. मुलगा वीस वर्षांचा. पुण्यात इंजिनिअरिंगला होता, केट्या, म्हणजे राहिलेले विषय, साठत गेल्या, वायडी बसलं, म्हणजे वर्ष मागे पडलं. कॉट बेसिसवरची खोली सोडून घरी आला तो आलाच. दिवसा झोपायचं, रात्री लॅपटॉप. एका रात्री आई पाणी प्यायला उठली, त्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं, तर एका बेटावर काही माणसं एकत्र जीव द्यायला जमलेली. वर सबटायटल चालू. तिला अक्षरं वाचता आली नाहीत, पण चित्र समजलं.

मुलगा आला तेव्हा मी ॲनिमेचं नावही काढलं नाही. आधी झोप, जेवण, अंघोळ, मित्र. मग सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का?" असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात घुसतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं याने माणूस मोकळा होतो. तो म्हणाला, "सकाळ झाली नाही तरी चालेल, असं वाटतं. पण तसं काही ठरवलेलं नाही." हे ऐकल्यावर पुढचं सगळं बाजूला ठेवलं. त्याला सांगून आईला आत बोलावलं, त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये घातला. रात्री दोनला मी फोन उचलीनच असं नाही, तिथे उचलतात. हा भाग आधी लिहिला, कारण पुढची गोष्ट वाचून कुणी म्हणेल की सिरीज बघून पोरगं बरं झालं. तसं झालेलं नाही. औषधं चालू झाली आणि ती चालू राहिली.

आता बेटाचं. ती मालिका 'वेलकम टू द एनएचके', 2006 ची, 24 भागांची. नायक बाविशीचा, कॉलेज सुटलेलं, खोलीत कोंडून घेतलेला, आणि आपल्या या अवस्थेमागे एनएचके या जपानी टीव्ही वाहिनीचं कारस्थान आहे असं मानणारा. दिसायला विनोदी, आतून बोचरी. म्हणजे पोरगं मरण बघत नव्हतं, स्वतःसारखा कुणीतरी बघत होतं. आधी खचणं होतं, ॲनिमे मागाहून आलं. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत क्रम हाच असतो, फक्त आईबापांच्या नजरेला दुसरी गोष्ट आधी पडते.

त्याने स्वतःला लेबलही लावून घेतलं होतं. "मी हिकिकोमोरी आहे." जपानी मानसोपचारतज्ज्ञ तामाकी साइतो यांच्या 1998 च्या पुस्तकामुळे हा शब्द घरोघरी पोचला, सहा महिन्यांहून जास्त काळ समाजापासून तुटून घरात राहणं, असा त्याचा अर्थ. हा गडी रोज रात्री दहाला राजारामपुरीत चहा प्यायला जात होता, टपरीवाल्याशी क्रिकेटवर वाद घालत होता. मी म्हटलं, "तुझं नैराश्य खरं आहे, हे लेबल उसनं आहे." पहिल्यांदा हसला.

मग मी विचारलं, "मला एखादी चांगली सुचव. कुठून सुरुवात करू?" तोवर 'हं', 'नाही', 'असंच' एवढंच बोलणारा मुलगा खुर्चीत पुढे सरकला. 'मॉन्स्टर' बघा म्हणाला. नाओकी उरासावा यांच्या मांगावरची, म्हणजे जपानी चित्रकथेवरची, 2004-05 ची, 74 भाग. जर्मनीतला जपानी मेंदूचा सर्जन डॉक्टर तेनमा, हॉस्पिटलचे वरिष्ठ सांगतात तसं महापौरांचं ऑपरेशन न करता आधी आलेल्या एका मुलाला वाचवतो, आणि तो मुलगा पुढे थंड डोक्याने माणसं मारतो. मग डॉक्टरची चूक झाली का? त्यावर तो न थांबता बोलला. मी पाहिलेली होती, पण तोंड बंद ठेवलं. (माझी आवड वेगळी आहे. मला 'मुशिशी' आवडते: पहिल्या सीझनचे 26 भाग, घाई नाही, खलनायक नाही, गावोगाव फिरणारा एक गिंको.)

जाताना त्याला काम दिलं: आईसाठी एकच मालिका निवड, आणि का ते मला सांग.

पुढच्या वेळी तो बराच विचार करून आला होता. 'एनएचके' नको, तिला वाटेल मी पण तसाच. 'अटॅक ऑन टायटन' नको, ती पहिल्याच भागात उठून जाईल. 'इव्हँगेलिअन' मोठी मालिका, पण आईला नको. (इथे मीही मत दिलं. तिचे दिग्दर्शक हिदेआकी आन्नो स्वतः नैराश्यातून गेलेले, ते त्या कामात उतरलंय, मला ती फार मोलाची वाटते. पण सध्या तूसुद्धा ती रात्री एकटा बघू नकोस.) शेवटी त्याने निवडली 'मार्च कम्स इन लाइक अ लायन', 2016 ते 2018, दोन सीझन, 44 भाग. रेई नावाचा सतरा वर्षांचा मुलगा. आईवडील आणि बहीण अपघातात गेलेले. शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ म्हणा, त्यातला व्यावसायिक खेळाडू. टोकियोत नदीकाठी एकटा राहतो. पलीकडे तीन बहिणींचं घर आहे, त्या त्याला ओढून जेवायला नेतात.

"हीच का?" विचारलं. म्हणाला, "जेवण आहे त्यात. आईला आवडेल."

आईला इंग्रजी वाचता येत नाही, मराठी डबिंग नाही. म्हणजे तो थांबवणार, सांगणार, परत चालू करणार. वीस-बावीस मिनिटांच्या भागाला तास लागायचा. दिवसभरात चार वाक्यं न बोलणारा मुलगा रोज तासभर आईशी मराठीत बोलत होता. मला एवढंच हवं होतं. पहिल्या भागात रेईला करी खायला ये म्हणून निरोप येतो, तिथे आईने शिवण बाजूला ठेवलं. "एवढं शहाणं पोरगं, जेवलं का न्हाई विचारणारं घरात कोण न्हाई व्हय?" आणि काही भागांनंतर, रेई हायस्कूलला इतरांपेक्षा वर्षभर उशिरा गेलाय हे कळल्यावर, "हे पण तुझ्यागत एक साल मागं?" घरात वायडीबद्दल कुणीतरी आवाज न चढवता बोलायची ती पहिली वेळ, असं तो मला म्हणाला.

वडिलांचं जमायला वेळ लागला. "कार्टून बघायचं वय आहे का हे?" हा मुद्दा त्यांनी सोडला नाही. चित्रातलं ते सगळं पोरांचं, हा आपल्याकडचा पक्का समज. जपानमध्ये मांगा वाचकांच्या वयाप्रमाणे निघतात. शोनेन मुलांसाठी, सेइनेन मोठ्यांसाठी. गंमत म्हणजे आपल्याकडे लहान मुलांच्या वाहिनीवर लागणारा शिनचॅनसुद्धा 1990 मध्ये मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाला. अखेर 'व्हिनलंड सागा'च्या दुसऱ्या सीझनने ते बसले. पहिल्या सीझनमध्ये वायकिंग लढाया आणि बापाच्या खुनाचा सूड, रक्तपात भरपूर. दुसऱ्यात तोच थॉरफिन गुलाम म्हणून जंगल तोडून शेत करतो, गहू पेरतो. करवीर तालुक्यात दीड एकर ऊस असलेल्या वडिलांनी बुंधे उपटायचा प्रसंग पाहून सांगितलं, "असं निघत न्हाई ते. मुळं आधी मोकळी करायला लागतात." आणि पुढचा भाग लावायला लावला.

आता नेटचं. बंद करू नका. तेवढा एकच धागा असेल तर तोही तुटेल. मात्र वेळ बांधा. या घरात बारानंतर लॅपटॉप बाहेरच्या खोलीत, पुढचा भाग आपोआप सुरू होणारं सेटिंग बंद, आणि सकाळी आठला उठणं, झोप झाली असो वा नसो. यावरून भांडणं झाली, अजून होतात.

मूल आठवी-नववीतलं असेल तर माझं उत्तर एवढं सैल नाही. 2021 च्या नियमांपासून ओटीटीवर यूए 13+, यूए 16+, ए (फक्त प्रौढांसाठी) अशा वयाच्या खुणा असतात, त्या बघा. 'डेथ नोट' शाळेतली पोरं सर्रास बघतात. वहीत नाव लिहिलं की माणूस मरतो. मुलाने ती पाहिलीच असेल तर ओरडण्याआधी विचारा, ती वही वापरणारा लाइट यागामी तुला बरोबर वाटतो का? मुलं यावर खूप बोलतात. पण मूल कुठल्याच पात्राबद्दल बोलत नसेल, जुने मित्र सुटले असतील, आवडीची मालिकाही नुसती चालू ठेवून भिंतीकडे बघत असेल, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर मालिकांची यादी विचारत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

हिवाळी परीक्षेत त्याचा एक विषय सुटला, एक राहिला. 'मॉन्स्टर' आईला दाखवू का, असं मागच्या वेळी विचारत होता. मी म्हटलं, तिलाच विचार. तिने आधी विचारलं म्हणे, त्यात तो डॉक्टर वाचतो का?