अकरावीतल्या मुलीने सर्नच्या शालेय स्पर्धेत उतरावं का? सादरीकरण कसं करावं?

तुमचा प्रश्न असा: मुलगी अकरावी सायन्सला आहे, मैत्रिणींबरोबर सर्नच्या (जिनिव्हाजवळची कणभौतिकीची मोठी प्रयोगशाळा) 'बीमलाइन फॉर स्कूल्स'मध्ये भाग घ्यायचा म्हणतेय. जेईईच्या धामधुमीत यात वेळ घालवू द्यावा का, आणि प्रेझेंटेशन इम्प्रेसिव्ह कसं करावं?

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. दोन वेळा मुलांचे संघ या स्पर्धेत उतरवले आणि दोन्ही वेळा हरलो. तेव्हा जिंकायचं कसं ते माझ्याकडून शिकू नका. पहिल्या वर्षी आम्ही कुठे माती खाल्ली ते मात्र सविस्तर सांगू शकते.

आधी स्पर्धेबद्दल थोडक्यात. सर्नला ६० वर्षं झाली तेव्हा, म्हणजे २०१४ साली, ही सुरू झाली. सोळा आणि त्यावरच्या वयाच्या मुलांनी संघ करायचा, मोठ्यांपैकी कुणीतरी मार्गदर्शक घ्यायचा आणि खऱ्या कणझोतावर (बीम, म्हणजे वेगाने जाणाऱ्या कणांचा झोत) करण्याजोगा एक प्रयोग सुचवायचा. आमच्या वेळी हजार शब्दांचा प्रस्ताव आणि एक मिनिटाचा व्हिडिओ मागत होते. नियम थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपत्रिका नीट वाचा. फी नाही. जिंकलेल्या संघांना तिकडे नेऊन त्यांचाच प्रयोग करू देतात, खर्च आयोजकांचा. सर्नचे प्रवेगक (कणांना वेग देणारी यंत्रं) दुरुस्तीसाठी बंद होते तेव्हा, २०१९ पासून काही वर्षं, विजेत्यांचे प्रयोग जर्मनीत हॅम्बुर्गच्या डेझी प्रयोगशाळेत झाले.

आता आमची माती. पहिल्या वर्षी मुलांनी विषय निवडला: विश्वातलं प्रतिद्रव्य (नेहमीच्या द्रव्याचं उलट विद्युतभाराचं जुळं) गेलं कुठे? मीही खूश, काय झेप आहे म्हणून. व्हिडिओत आकाशगंगा फिरतेय, मागे गंभीर संगीत, एक मुलगा घोगऱ्या आवाजात 'विश्वाचं रहस्य' वगैरे म्हणतोय. पाठवण्याआधी लॅबमध्ये सगळ्यांना दाखवला. आमचे लॅब असिस्टंट मामा शांतपणे बघत होते. संपल्यावर म्हणाले, "छान आहे. पण तिकडे जाऊन मोजणार काय?" आम्ही हसलो. मीसुद्धा हसले, हे लिहिताना अजून लाज वाटते. कारण त्या हजार शब्दांत मोजायची अशी एकही गोष्ट नव्हती.

दुसऱ्या वर्षी मामांचा प्रश्न फळ्यावर लिहूनच सुरुवात केली. बीम म्हणजे काय ते आधी समजून घेतलं. सर्नच्या प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या प्रवेगकामधून आलेले प्रोटॉन एका लक्ष्यावर आदळतात आणि त्यातून प्रोटॉन, पायॉन (प्रोटॉनहून बराच हलका कण), इलेक्ट्रॉन अशी सरमिसळ बाहेर पडते. चुंबकं लावून त्यातले ठरावीक संवेगाचे (मोमेंटमचे) कण निवडता येतात. मग मुलांनी ठरवलं, दोन डिटेक्टर (कण गेल्याची नोंद घेणारी उपकरणं) १० मीटर अंतरावर ठेवून मधला वेळ मोजायचा आणि त्यावरून प्रोटॉन कुठला, पायॉन कुठला ते ओळखायचं. संवेग किती घ्यायचा? "मॅडम, जास्तीत जास्त. १० जीईव्ही!" (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं माप, संवेगही त्यातच सांगतात.)

रात्री साडेदहाला एका मुलीचा मेसेज: "मॅडम, गणित जमत नाहीये." तिने आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचं सूत्र वापरून दोन्ही वेळा काढल्या होत्या. १० जीईव्हीला दोन्ही कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जातात, वेळेतला फरक जेमतेम ०.१४ नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश). साध्या सिंटिलेटरने (कण गेला की चमकणारा डिटेक्टर) तो पकडणं अवघड. तिचं गणित बरोबर होतं, चुकली होती आमची योजना. दुसऱ्या दिवशी तेच १ जीईव्हीला करून पाहिलं. पायॉनला लागतात ३३.७ नॅनोसेकंद आणि प्रोटॉनला ४५.७. चांगला १२ नॅनोसेकंदांचा फरक! ऊर्जा कमी केली आणि प्रयोग शक्य झाला. पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते.

तिथून खरा प्रश्न सुचला. वाटेत सुरुवातीलाच २० सेंटिमीटर पाणी ठेवलं तर प्रोटॉन किती मंदावेल? गणित सांगत होतं, पुढच्या १० मीटरला सुमारे २ नॅनोसेकंद जास्त. हे मोजता येतं, आणि चुकलो तर चूकही दिसते. नवीन शोध वगैरे अजिबात नाही, पण मामांना उत्तर मिळालं.

तुम्ही विचारलेलं प्रेझेंटेशन यानंतर आपोआप सुटतं. आमचा दुसरा व्हिडिओ कॅरम बोर्डावर झाला. स्ट्रायकर जड, सोंगटी हलकी. दोघांचा संवेग सारखा ठेवला तर सोंगटी आधी पोचणार. (एकाने विचारलं, मग दोघांना खूप जोरात मारलं तर? तेव्हा कॅरमची उपमा संपते आणि आइन्स्टाइन सुरू होतो. तो प्रश्न तसाच व्हिडिओत ठेवला.) एकही आकाशगंगा नाही, खर्च शून्य.

जिंकलेल्या संघांचे विषय बघा, तेही असेच हाताला लागणारे आहेत. २०१४ साली नेदरलँड्सच्या मुलांनी स्वतः वाढवलेले स्फटिक डिटेक्टर म्हणून चालतात का ते तपासलं. २०१५ साली इटलीच्या मुलांनी वेबकॅमपासून स्वस्त डिटेक्टर केला. २०१६ च्या पोलंडच्या संघाला पिरॅमिडच्या पोटात काय आहे ते म्युऑन कणांनी (इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) पाहण्यात रस होता, म्हणून त्यांनी चुनखडीतून म्युऑन कसे जातात ते मोजायचं ठरवलं. आणि २०१८ मध्ये मुंबईच्या पोदार शाळेचा 'क्रिप्टिक ऑन्टिक्स' संघ जिंकला. विषय: चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन किती वळतात. चुंबकीय क्षेत्रात वळणारा कण तुमच्या मुलीला बारावीच्या पुस्तकातच भेटणार आहे!

इंग्रजीची धास्ती असेल तर आधी सगळं मराठीत लिहून काढा. 'मोमेंटम ट्रान्सफर होतो' असं मराठी नको, खरं मराठी. जिथे वाक्य अडतं तिथे बहुतेक वेळा समजच अडलेली असते. मग इंग्रजी करा, छोट्या वाक्यांत. आणि तुम्ही किंवा क्लासच्या सरांनी ते 'सुधारून' देऊ नका. मला हा मोह दोन्ही वर्षी झाला. पहिल्या वर्षी आवरला नाही.

आता जेईई. हे प्रमाणपत्र जेईईच्या रँकमध्ये एका गुणाचीही भर घालणार नाही. त्यासाठी करणार असाल तर करू नका. आम्हाला साधारण तीन महिन्यांचे रविवार लागले. प्रस्ताव पाठवायची वेळ वसंतात येते, म्हणजे बारावीला असाल तर नेमकी बोर्डाच्या तोंडावर. तेव्हा अकरावीतच, दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात केलेली बरी. संघात पाच-सहा जण घ्या. एकटीने ओढायचं काम नाही, आणि फिजिक्समध्ये पहिल्या येणाऱ्यांचाच संघ करू नका. आमच्यात चित्र काढणारा एक मुलगा होता, त्याच्या आकृतीमुळे मलाच मांडणी नीट समजली.

मुलीला खरंच ओढ आहे का हे पाहायचं असेल तर एक गणित द्या. केऑन नावाच्या कणाचं वस्तुमान प्रोटॉनच्या निम्म्याहून किंचित जास्त, ०.४९४ जीईव्ही. संवेग १ जीईव्ही, अंतर १० मीटर. वेळ किती? उत्तर ३७ नॅनोसेकंदांच्या आसपास यायला हवं. तेवढं तिला आधी सांगू नका.