ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या) गाडीचा एकच टायर बदलताय?

जरा थांबा. आधी उरलेल्या तिघांच्या खाचांची खोली मोजा, आतल्या कडेलाही. नव्या टायरची खाच साधारण 8 मिमी असते. बाकीचे 5 मिमीवर आले असतील तर नव्याचा घेर मोठा पडतो, तो बाकीच्यांपेक्षा हळू फिरतो आणि हा फरक पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा सेंटर डिफरन्शियल किंवा क्लच सतत सोसत, तापत राहतो. तो गेला की चार टायर स्वस्त वाटतील!

- फरक 2 मिमीच्या पुढे असेल तर चारही बदला. मॅन्युअलमध्ये वेगळी मर्यादा असेल तर तीच पाळा.
- चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. साइज तीच असली तरी घेर थोडा वेगळा निघतो, इथेच बरेच जण फसतात.
- दर 8-10 हजार किलोमीटरला रोटेशन, म्हणजे टायरच्या जागांची अदलाबदल.

छोट्या स्टेपनीवर फक्त दुकानापर्यंत जा.